नल्लकुंटा : घर, ऋतू आणि पाणी

हैदराबाद शहरातील नल्लकुंटा या वस्तीचे नाव प्रथमच ऐकणाऱ्या मराठी माणसाची त्या नावाच्या अर्थाविषयी बहुधा फसगत होते. ‘नल्ल’ म्हणजे नाला असावा किंवा नळ असावा, असे त्यास वाटते. आमच्या लहानपणी आम्हांसही तसेच वाटत असे. वस्तुतः हे नाव निखळ तेलुगू आहे. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळा आणि ‘कुंट’ म्हणजे लहान तळे. काळ्या पाण्याचे तळे जेथे होते ते नल्लकुंटा. आज या वस्तीत चौरस्ता आहे, भाजीबाजार आहे, ज्वरांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे, शिकवणीचे वर्ग आहेत आणि बैठ्या घरांच्या जागी उभी राहिलेली चार-चार, पाच-पाच मजल्यांची घरे आहेत. तळे मात्र नाही.

स्थलनाम हे इतिहासाचे एक विश्वसनीय साधन आहे, ही गोष्ट मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावांच्या नावांतून वसाहतींचा इतिहास उकलण्याचा जो प्रयत्न केला, त्याची ओळख आपल्यापैकी बहुतेकांस आहे. कागद जळतो, शिलालेख झिजतो. परंतु लोकांच्या तोंडी बसलेले नाव ते देणारी वस्तू नाहीशी झाल्यावरही टिकून राहते. हैदराबादच्या या भागात अशी नावे पुष्कळ आहेत. नल्लकुंट्यालगतच नागमय्या कुंटा आहे. बाग अंबरपेटेत बतकम्मा कुंटा आहे. पूर्वेस अडिकमेट आहे; त्यातील ‘मेट’ हा शब्द उंचवट्याचा वाचक आहे, आणि उस्मानिया विद्यापीठाकडील ती जमीन खरोखरीच चढाची आहे. ही नावे एकापुढे एक ठेवून वाचली म्हणजे पाणी कोठून उतरत होते आणि कोठे विसावत होते, याचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो.

प्रस्तुत लेखात या नकाशावर वसलेल्या लहान घराचा विचार करावयाचा आहे. अंगण, परस, आड आणि दोन-चार झाडे एवढाच ज्याचा विस्तार, अशा गृहस्थाच्या घराने उन्हाळ्याचे व पावसाळ्याचे टोक कसे निभावले, आणि ज्या व्यवस्थेच्या बळावर ते निभावले तिचे पुढे काय झाले, हा आमचा विषय आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, घराचे खरे रक्षण घराच्या भिंतींबाहेर होते. उन्हाळ्याची तहान आणि पावसाळ्याचा लोंढा या दोन आपत्ती आपण वेगवेगळ्या मानतो. कुंट्याच्या दृष्टीने तो एकाच भांड्याचा दोन वेळचा हिशेब होता.

२

हैदराबाद हे दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड-पावणेदोन हजार फूट उंचीवर वसलेले आहे. वर्षाचा पाऊस साधारणतः ८० सेंटिमीटर. हा आकडा दिसावयास सौम्य आहे, परंतु सरासरीचा आकडा नेहमीच थोडा खोटा बोलतो. या शहरातील उष्णतामानाचा उच्चांक ४५.५ अंश सेल्सिअस असून तो २ जून १९६६ रोजी नोंदला गेला. आणि नीचांक ६.१ अंश असून तो ८ जानेवारी १९४६ रोजीचा आहे. पाऊसही वर्षभराच्या हिशेबाने येत नाही. क्वचित वर्षाच्या पावसाचा चौथा हिस्सा एका दिवसरात्रीत पडतो.

शेतकऱ्याने हे सरासरीच्या भाषेत कधीच सांगितले नाही. त्याने ते नक्षत्रांच्या भाषेत सांगितले. आपल्याकडे जशी सूर्याची नक्षत्रे मोजतात, तशीच तेलुगू लोक ‘कार्ते’ मोजतात. रोहिणी कार्तेत दगडी उखळेसुद्धा तडकतात, अशा अर्थाची एक म्हण तेलुगूत सर्वतोमुखी आहे. वर सांगितलेला २ जून हा दिवस नेमका रोहिणीतलाच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या म्हणीमागे किती पिढ्यांचा अनुभव असेल याची कल्पना येते. त्यानंतर मृग. मृगशिरा कार्तेच्या दिवशी दमेकऱ्यांस माशातून औषध देण्याची हैदराबादेतील प्रथा प्रसिद्धच आहे. पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी पावसाची नक्षत्रे सरत जातात आणि सप्टेंबरच्या अखेरीस हस्त लागते. यालाच आपण हत्तीचा पाऊस म्हणतो.

हस्ताचा पाऊस रब्बीच्या ज्वारीला हवासा असतो आणि तळ्याच्या बांधाला नकोसा असतो. कारण उघड आहे. तोपर्यंत जमीन तृप्त झालेली असते, तळी काठोकाठ भरलेली असतात. आणखी पाणी घेण्यास कोठेच जागा उरलेली नसते. मराठी मुली याच दिवसांत हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती हादगा खेळतात, आणि तेलंगणातील स्त्रिया याच सुमारास तरवडाची व कुर्डूची फुले रचून त्यांच्याभोवती फेर धरतात व ती रचना, म्हणजे बतकम्मा, तळ्यात सोडतात. भाद्रपदाच्या अमावास्येला बतकम्मा सुरू होते आणि अष्टमीला संपते. दोन भाषांतील स्त्रियांनी एकाच पंधरवड्यात, पाण्याच्या भरल्या घटकेस, फेर धरावा, हे साम्य केवळ योगायोगाचे नसावे. ऋतूच्या नाजूक वेळेची जाणीव दोहोंकडे सारखीच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

३

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले व मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. तत्पूर्वी नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या जिल्ह्यांतून नोकरीसाठी, वकिलीसाठी व उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणासाठी अनेक मराठी कुटुंबे राजधानीत आली होती. काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा, नल्लकुंटा या भागांत त्यांपैकी बऱ्याच जणांनी घरे केली. आणि विभाजनानंतरही जी राहिली ती येथलीच झाली. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक.

ही माणसे माळवदाच्या घरांतून आलेली होती. जाड मातीच्या भिंती, वर कड्या-पाटया आणि त्यांवर मातीचा थर, मृगापूर्वी त्यावर पुन्हा खारी माती पसरावयाची, हे ज्ञान त्यांच्या हातांत होते. हैदराबादेत साहित्य बदलले. येथे काळा-तांबूस दगड विपुल, चुना उत्तम, आणि त्याच राज्यातील शहाबादची फरशी सहज मिळणारी. तेव्हा दीड हात जाडीच्या दगडी भिंती, सागवानी कड्यांवर शहाबादी फरशा, वर चुन्याचा कोबा, असे बैठे घर उभे राहिले. पुढे ओसरी, मागे परस. परसात आड, आडावर रहाट, न्हाणीच्या पाण्यावर केळ व अळू, दारात कडुनिंब. घराचे तोंड कोणत्याही दिशेस असो, त्याचे जोते मात्र उंच असे. आमच्या आजोबांनी १९५० नंतरच्या दशकात बांधलेल्या घरास रस्त्यावरून ओसरीत चढावयास पाच पायऱ्या होत्या. या पाच पायऱ्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार असल्याने वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

अशा घराचे एक वार्षिक कामकाज असे आणि ते पंचांगाइतके नियमित असे. गुढीपाडव्यास आपण कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर खातो. त्याच दिवशी शेजारचे तेलुगू कुटुंब उगादीची पच्चडी करी, तीत निंबाचा मोहोर व कैरी असावयाचीच. उन्हाळ्याची ती नांदी. मग वाळूच्या थरावर माठ मांडले जात, खिडक्यांस वाळ्याच्या ताट्या लागत, आणि दुपारी घर पूर्ण मिटून घेऊन संध्याकाळी पुन्हा उघडले जाई. शाळा सकाळच्या होत. आंबील हे अन्न आपले तसेच त्यांचे. ‘अंबली’ या नावाने ते तेलुगू घरात असे. गच्चीवर सायंकाळी पाणी शिंपावयाचे आणि रात्री तेथेच अंथरुणे घालावयाची. त्याच गच्चीवर दिवसा कुरडया, पापड, सांडगे वाळत. ज्या उन्हाने माणूस हैराण होई, त्याच उन्हाकडून घर पावसाळ्याची बेगमी करून घेई.

याहून महत्त्वाचे काम रोहिणीत असे. ते म्हणजे आड उपसणे. पाणी तळास गेलेले असताना माणूस आत उतरवून गाळ काढावयाचा, कोब्याच्या भेगा चुन्याने बुजवावयाच्या, अंगणातील पाण्याची वाट मोकळी करावयाची. जे घर आडाचे करी तेच गाव तळ्याचे करी. आटलेल्या तळ्याचा गाळ उन्हाळ्यात शेतकरी खतासाठी नेई, कुंभार मडक्यांसाठी नेई. गाळ जेवढा निघे तेवढी पाण्यास जागा होई. म्हणजे मे महिन्यातील हे कंटाळवाणे काम वस्तुतः सप्टेंबरच्या पुराविरुद्धची तयारी होती. ती तशी आहे हे कोणी बोलून दाखवीत नसे, एवढेच.

आमच्या शेजारी एक वृद्ध तेलुगू बाई राहत असत. आमचा आड वैशाखातही आटत नाही, याचा आमच्या आजीस फार अभिमान वाटे. त्या बाई एकदा तिला म्हणाल्या, “अक्का, तुमच्या आडातलं पाणी तुमचं नाही, कुंट्याचं आहे.” आजीस ते बोलणे मुळीच आवडले नव्हते. आम्हांस त्याचा अर्थ समजावयास पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

४

हा अर्थ समजून घेण्यासाठी नल्लकुंट्यापासून दक्षिणेस सुमारे दोन मैलांवर वाहणाऱ्या मुसी नदीकडे, आणि १९०८ सालाकडे वळले पाहिजे.

२८ सप्टेंबर १९०८ हा दिवस हैदराबादच्या इतिहासात ‘तुघयानी सितंबर’ या नावाने ओळखला जातो. नवरात्र बसून दोन दिवस झाले होते, रमजानचा महिना नुकताच लागला होता, आणि हस्त नक्षत्र चालू होते. मुसीच्या खोऱ्यात पावसाने कहर केला. शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच पाऊस नोंदला गेला. पाणी शहरात शिरले तेव्हा अफझलगंज, मुसल्लम जंग व चादरघाट हे तिन्ही पूल त्यापुढे टिकले नाहीत. १५७८ साली बांधलेला पुराना पूल तेवढा उभा राहिला. सुमारे पंधरा हजार माणसे त्या दिवशी मृत्युमुखी पडली, असे मानले जाते. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली; ते झाड त्या घटनेचे स्मारक म्हणून आजही दाखविले जाते. उर्दूतील रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी आश्रितांसाठी राजवाड्यांचे दरवाजे उघडले व अन्नछत्रे घातली.

दुसऱ्या वर्षी, १९०९ मध्ये, या आपत्तीचा विचार करण्यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण करण्यात आले. विश्वेश्वरय्या मराठी मुलुखास अपरिचित नव्हते. पुण्यात शिकून त्यांनी मुंबई इलाख्यात नोकरी केली होती, आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांच्या रचनेचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये बसले होते. त्यांनी मुसीच्या खोऱ्याची पाहणी केली तेव्हा शहराच्या वरच्या बाजूस ७८८ तळी असल्याचे आढळले. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलास एक. त्यांपैकी २२१ तळी त्या पुरात फुटली होती.

या दोन आकड्यांत एक संपूर्ण संस्कृती व तिची एक मोठी उणीव साठविलेली आहे. तेलंगणातील तळी एकेकटी नसतात, ती साखळीने असतात. वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात उतरतो, त्याचा त्याखालच्या. काकतीय राजवटीत, तेराव्या शतकाच्या प्रारंभी, रामप्पा व पाखाल यांसारखे मोठे जलाशय झाले. त्यांच्या भोवती व त्यांच्यानंतर गावोगावी अशी लहान तळी पसरली. साखळीतील प्रत्येक तळे आपापला वाटा अडवून ठेवी, तोवर खालचे गाव सुरक्षित असे. परंतु हस्तात, सर्व तळी भरलेली असताना, वरचे एक फुटले म्हणजे त्याचे पाणी खालच्यास फोडी, आणि तो लोंढा वाढत वाढत नदीस मिळे. मुसीने शहर बुडविले हे खरे. परंतु त्या पाण्याचा मोठा भाग फुटलेल्या तळ्यांनी एकदम सोडलेला होता.

यावर विश्वेश्वरय्यांनी जो उपाय सांगितला, तो तळे या कल्पनेचाच विस्तार होता. शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधावेत, त्यांत पुराचे पाणी काही काळ धरून ठेवण्याइतकी जागा राखावी, आणि नदीस पेलेल तेवढेच खाली सोडावे. १९१२ मध्ये शहरसुधारणा मंडळ स्थापन झाले. मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये व तिच्या ईसी या उपनदीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. उस्मानसागर म्हणजेच गंडीपेट. गंडीपेटचे पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, असे लोक म्हणतात. पुराच्या भयाने बांधलेला जलाशय उन्हाळ्याची तहान भागविणारा झाला, ही गोष्ट आमच्या प्रतिपादनाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. भांडे एकच, हिशेब दोन वेळचा.

येथे पुण्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, आणि मुठेकाठच्या पेठांतील जुने वाडे कोसळले. हैदराबादेत पुरातून धरण जन्मास आले, पुण्यात धरणातून पूर आला. दोन्ही ठिकाणी किंमत मोजली ती नदीकाठच्या लहान घरांनी.

५

आता पुन्हा नल्लकुंट्याकडे येऊ. येथील पाण्याचा संबंध मुसीशी थेट नसून हुसेनसागराशी अधिक आहे. इब्राहीम कुत्ब शहाच्या कारकीर्दीत, सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात, हुसेनसागर बांधला गेला. त्याचा सांडनाला अशोकनगर, बाग लिंगमपल्ली, नल्लकुंटा, गोलनाका अशा सखल भागांतून वाहत अंबरपेटेजवळ मुसीस मिळतो. या नाल्याच्या दोन्ही अंगांस जे कुंटे होते, ते पावसाचे पाणी आपल्यात थोपवून मग सावकाश नाल्यास देत. आणि जे थोपवीत ते जमिनीत मुरून आडांस मिळे. शेजारच्या बाईंचे बोलणे ते हेच होते.

मग हे कुंटे गेले का? या प्रश्नाचे उत्तर देताना केवळ लोभाकडे बोट दाखविणे न्याय्य होणार नाही. साचलेल्या पाण्याचा दुसराही एक इतिहास आहे, आणि तो याच शहराचा आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांस डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू सापडले, आणि हिवताप डासांमार्फत पसरतो हे सिद्ध होण्याचा मार्ग मोकळा झाला. नल्लकुंट्याच्या ज्वररुग्णालयास रॉस यांचेच नाव आहे. लोक त्यास ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. ‘क्वारंटीन’ या शब्दाचा हा देशी अवतार होय. याच सांडनाल्याच्या वरच्या अंगास दोमलगुडा आहे. ‘दोम’ म्हणजे तेलुगूत डास, आणि लोक त्या नावाचा अर्थ तसाच लावतात. ज्यांच्या घरातील मूल तापाने फणफणत असे, त्यांस दाराजवळचे डबके बुजले तर ते सुधारणेचेच लक्षण वाटे, आणि त्यांचे चुकत होते असे म्हणता येत नाही.

चूक झाली ती पुढे. घाण पाणी आणि पाणी यांतील भेद आपण विसरलो. तळे स्वच्छ ठेवण्यापेक्षा ते भरून त्यावर घरे बांधणे सोपे होते. नळाचे पाणी घरात आल्यामुळे आडाची गरज भासेनाशी झाली. आणि आड गेल्यावर कुंट्याशी असलेले नाते कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. मुलांची लग्ने झाली, जागा पुरेनाशी झाली, परसाची खोली झाली, अंगणाची फरशी झाली. यात आम्ही कोणास नावे ठेवू? आमचा आडही आम्हीच झाकला. १९८० नंतरच्या दशकात त्याचे पाणी वैशाखात प्रथमच तळास गेले. दोन-तीन वर्षांनी त्यावर लाद्या टाकल्या आणि शेजारी कूपनलिका घेतली. आज उन्हाळ्यात तीही पुरत नाही, आणि रात्री-अपरात्री पाण्याच्या टँकरची वाट पाहणारी घरे आमच्या गल्लीत अनेक आहेत. ज्या वस्तीचे नावच तळ्यावरून पडले, तिची ही स्थिती आहे.

६

उन्हाळ्याची बाजू सांगितली. आता पावसाळ्याची सांगावयाची.

२४ ऑगस्ट २००० रोजी, मघा नक्षत्रात, हैदराबादेत २४ तासांत सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस पडला. हुसेनसागराच्या सांडनाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी छातीपर्यंत चढले. तेव्हा आमच्या घराच्या तीन पायऱ्या पाण्यात गेल्या. घरात पाणी आले नाही. गल्लीतील सखल घरांतील माणसे त्या रात्री आमच्या ओसरीवर होती.

१३ व १४ ऑक्टोबर २०२० रोजी, हस्त सरून चित्रा लागली असताना, बेगमपेटच्या वेधशाळेत २४ तासांत १९ सेंटिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. म्हणजे २००० सालच्या मानाने तो कमी होता. तरीही त्या रात्री पाणी आमच्या ओसरीवरून आत आले. शहाबादी फरशीवर घोटाभर गढूळ पाणी उभे राहिले. खालच्या फळीवरील पुस्तके भिजली. त्यांत वडिलांनी जमविलेले जुने मासिकांचे अंक होते.

कमी पावसात अधिक पाणी कसे चढले, याचा उलगडा आम्हांस पाणी ओसरल्यावर झाला. सकाळी चिखल काढताना आम्ही सहज पायऱ्या मोजल्या, तो त्या तीनच भरल्या. आजोबांनी पाच बांधल्या होत्या. मधल्या काळात रस्ता दर काही वर्षांनी नव्याने केला जाई, आणि जुना न खरवडता त्यावरच नवा थर चढविला जाई. त्या थरांखाली दोन पायऱ्या गाडल्या गेल्या होत्या. घर जागेवरच होते, रस्ता वर आला होता. आणि रस्त्यावरचे पाणी ज्या कुंट्यात जावयाचे, तो कुंटा आता सर्वांच्या घरांत वाटला गेला होता.

यानंतर आम्ही आमच्या गल्लीतील घरांच्या पायऱ्या मोजून पाहिल्या. जुन्या घरांस तीन किंवा चार उरल्या आहेत. त्यानंतरच्या पिढीतील घरांस एक-दोन आहेत. अगदी नव्या इमारतींत तळमजला वाहनांसाठी ठेवलेला असल्याने एकही नाही. रस्त्याचे पाणी तेथे विनासायास आत येते, आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत राहणाऱ्या राखणदाराचे कुटुंब प्रथम भिजते. जोत्याची उंची हा बांधकामाचा तपशील म्हणून आपण सोडून देतो. परंतु ज्याने ती ठरविली त्यास पाणी कोठवर येऊ शकते हे माहीत होते. पायरी ही त्या माहितीची नोंद होती.

उष्णतेचेही असेच आहे. २०१५ च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत आंध्र प्रदेश व तेलंगण या दोन राज्यांत मिळून दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. मरणाऱ्यांत उन्हात काम करणारे मजूर व वृद्ध यांचा भरणा मोठा होता. ज्याच्या डोक्यावर दगडी छत, दारात निंब व आडाचे गार पाणी आहे, त्याचा उन्हाळा, आणि पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याचा उन्हाळा, हे एकाच अंशांवर मोजले गेले तरी एक नसतात. जुन्या व्यवस्थेचे गुण सांगताना, ती सर्वांच्या वाट्यास आली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. आड उपसण्यास जो माणूस आत उतरे, त्याच्या घरी आड असेच असे नाही.

७

तथापि हा लेख केवळ गेलेल्याच्या शोकात संपविण्याचे कारण नाही. मार्च २०१५ मध्ये तेलंगण राज्याने काकतीयांच्या नावाने तळ्यांचा गाळ काढण्याची जी योजना आरंभिली, तिच्या कक्षेत सुमारे ४६ हजार तळी धरण्यात आली होती. उन्हाळ्यात गाळ काढावयाचा, तो शेतात टाकावयाचा आणि पावसास जागा करून ठेवावयाची, हा जुना धडा तीत पुन्हा गिरविला गेला. ती योजना मुख्यतः खेड्यांसाठी होती. शहरातील उदाहरण आमच्या शेजारचेच आहे.

बाग अंबरपेटेतील बतकम्मा कुंट्याचे क्षेत्र १९६० नंतरच्या सरकारी नोंदींत सुमारे १४ एकर होते. भराव व राडारोडा पडत पडत त्याची पाच एकरांच्या आसपास मोकळी जागा उरली होती, आणि तिच्यावर झुडपे माजली होती. २०२५ च्या आरंभी तेथे खोदकाम सुरू झाले, तेव्हा काही फुटांवरच पाणी लागले. कुंटा मेला नव्हता, तो भरावाखाली दबून राहिला होता. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस, नवरात्रात, तो लोकांसाठी खुला झाला आणि त्याच्या काठी बतकम्मा मांडल्या गेल्या. त्याच आठवड्यात वरच्या दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडावे लागून मुसीला मोठा पूर आला व गौलीगुड्याचे महात्मा गांधी बसस्थानक पाण्याखाली गेले. हस्त नक्षत्र नुकतेच लागले होते. एकशे सतरा वर्षांनंतरही हत्ती आपल्या वेळेस आला होता.

एका कुंट्याने शहर वाचत नाही, हे आम्ही जाणतो. नल्लकुंट्याचा मूळ कुंटा आता परत यावयाचा नाही. त्याच्यावर शेकडो संसार उभे आहेत, आणि त्यांपैकी कोणाचाही त्यात वैयक्तिक अपराध नाही. परंतु जे परत आणता येत नाही त्याची माहिती तरी पुढील पिढीस देता येते, आणि ते काम आपल्यासारख्या शिक्षकांचे आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत १९०८ चा पूर एका परिच्छेदात येतो, हवामान दुसऱ्या विषयात येते, आणि स्थलनाम कोणत्याच विषयात येत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावाचून मुलास आपण कोठे राहतो हे समजत नाही. मराठी घरातील मुलास तर ते शेजाऱ्याची भाषा शिकल्याखेरीज समजणारच नाही, कारण येथल्या पाण्याची नावे तेलुगूत आहेत.

आमच्या शाळेत गेली काही वर्षे आम्ही आठवीच्या मुलांस उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणावयास सांगतो. तुमच्या वस्तीच्या नावाचा अर्थ काय? तुमच्या घराजवळ आड होता काय, आणि असल्यास तो कोठे? तुमच्या दारास रस्त्यावरून किती पायऱ्या आहेत, आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसास त्या किती आठवतात? तिसऱ्या प्रश्नाची दोन उत्तरे बहुधा जुळत नाहीत. गेल्या जूनमध्ये एका मुलीने वहीत लिहून आणले होते : “आता एक आहे. आजी चार म्हणते. बाबा म्हणाले, आजीला नीट आठवत नसेल.” आम्ही त्या वहीवर शेरा लिहिला की, आजीचे उत्तर बरोबर आहे, उरलेल्या तीन रस्त्याखाली पाहाव्यात.